लग्न झालंय, मग तो गे कसा?

मुंबईत या विषयावर चार माणसं बोलायला लागली की तीन वाक्यं हमखास कानावर येतात. नात्यातल्या कुणाबद्दल कुजबुज सुरू झाली की पहिलं येतं: "काहीतरीच काय, त्याचं लग्न झालंय, दोन मुलं आहेत!" दुसरं पंचविशीतला एखादा मुलगा रात्री उशिरा जवळच्या मित्राला विचारतो: "हॉस्टेलवर असताना दोन-तीनदा झालं होतं. म्हणजे मी गे आहे का रे?" आणि तिसरं, लेकाने किंवा लेकीने हिंमत करून घरात सांगितलं की आईच्या तोंडून निघतं: "अजून तू काही केलंच नाहीयेस ना, मग तुला कळलं कसं?"

तिन्ही वाक्यांच्या मुळाशी एकच समजूत आहे. माणसाचा लैंगिक कल त्याने काय केलं यावरून ठरतो, ही ती समजूत. लग्न केलं, मुलं झाली, म्हणजे बायका आवडतात. मुलाबरोबर काही घडलं, म्हणजे गे. काहीच घडलं नाही, म्हणजे पाटी कोरी.

आईचा प्रश्न आईलाच विचारून बघा. तिला पुरुष आवडतात हे तिला लग्नानंतर कळलं का? बस स्टॉपवर ठरावीक मुलगा दिसला की ओढणी उगाच सारखी करावीशी वाटायची, तो नसला की बस लवकर आली याचंही वाईट वाटायचं, वर्गात त्याचं नाव हजेरीला पुकारलं की कान टवकारायचे. तेव्हा तिनेही 'काही केलं' नव्हतं. तरी तिला स्वतःबद्दल शंका नव्हती, आणि तिला कुणी पुरावाही मागितला नव्हता. पुरावा फक्त दुसऱ्या प्रकारच्या मुलांना मागितला जातो.

माझं मत सुरुवातीलाच सांगून टाकतो. लैंगिक कल ओढीवरून ठरतो. वर्तन हा त्या ओढीचा एक पुरावा असतो, तोही पुष्कळदा बनावट निघणारा. पण म्हणून वर्तनाचा प्रश्नच बिनकामाचा आहे, असंही नाही. डॉक्टरला ओढीशी काही देणंघेणं नसतं, त्याला वर्तनच कळायला हवं. गोंधळ होतो तो एकाचा प्रश्न दुसऱ्याच्या टेबलावर नेला की.

अभ्यासक आता तीन गोष्टी वेगवेगळ्या मोजतात. एक, ओढ: मन आणि शरीर कुणाकडे खेचलं जातं. दोन, वर्तन: प्रत्यक्ष संबंध कुणाशी आले. तीन, ओळख: माणूस स्वतःला काय म्हणवतो, आणि म्हणवतो की नाही. आपल्याला वाटतं या तिन्ही गोष्टी एकाच माणसात एका ओळीत असतील. बहुतेकांच्या बाबतीत असतातही, म्हणून तर त्यांना हा प्रश्न कधी पडत नाही. पण जिथे समलिंगी काहीही आहे, तिथे ओळ सहज मोडते. शिकागो विद्यापीठातल्या समाजशास्त्रज्ञांनी १९९२ साली अमेरिकेत ३,४३२ प्रौढांची पाहणी केली. लोक निवडताना त्यांनी ओळखीपाळखीचे न घेता नमुना शास्त्रीय पद्धतीने काढला होता. स्वतःला समलिंगी किंवा उभयलिंगी (म्हणजे स्त्री आणि पुरुष दोघांकडे ओढ असणारे) म्हणवणारे निघाले पुरुषांत २.८ टक्के आणि स्त्रियांत १.४ टक्के. पण ओढ, वर्तन, ओळख यांपैकी काहीतरी एक तरी समलिंगी आहे असे किती? पुरुषांत १०.१ टक्के, स्त्रियांत ८.६. आणि खरी गंमत पुढे आहे. या 'काहीतरी एक तरी' गटातल्या ५९ टक्के स्त्रिया आणि ४४ टक्के पुरुष असे होते की त्यांना फक्त ओढ होती. तसं वर्तन नव्हतं, तशी ओळखही नव्हती. तिन्ही गोष्टी जुळणारे पुरुषांत जेमतेम चौथा हिस्सा निघाले, स्त्रियांत त्याहून कमी.

म्हणजे "समलिंगी लोक किती टक्के?" या प्रश्नाला एकच आकडा नाही. कोणता थर मोजता त्यावर आकडा कित्येक पटींनी बदलतो. चर्चेत कुणी असा आकडा फेकला की तो कशाचा आहे ते आधी विचारावं.

वर्तनावर भरवसा का ठेवू नये, हे समजायला अमेरिकेत जायची गरज नाही. लालबाग-परळ पुरेसं आहे. वर्तनाला आधी जागा लागते. दहा बाय बाराच्या खोलीत सासू-सासरे, दीर, नणंद आणि मध्ये साडीचा पडदा, अशा घरांत नवराबायकोंनी वर्षं काढली आहेत. मे महिन्यात सगळे गावाला गेले की मग काय तो एकांत. पोटमाळा झाला नव्हता तोवर त्या जोडप्याला एकमेकांची ओढ नव्हती, असं म्हणायचं का? बँडस्टँडच्या खडकांवर ऊन-पाऊस सोसत छत्रीआड बसणाऱ्या जोडप्यांना घरी जागा असती तर ती तिथे कशाला गेली असती? ज्या शहरात कायद्याने लग्न झालेल्यांना जागा मिळत नाही, तिथे दोन मुलांना किंवा दोन मुलींना कुठून मिळणार? कोण काय करतं यात इच्छेचा वाटा असतोच. पण खोलीचे चौरस फूट, शेजाऱ्यांचे डोळे, पगार, पोलिसाचा दंडुका आणि घरच्यांची घाई यांचाही मोठा वाटा असतो.

याची दुसरी बाजूही इथेच दिसते. मरीन ड्राइव्हवर दोन मित्र एकमेकांच्या खांद्यावर हात टाकून, कधी करंगळीत करंगळी अडकवून चालतात. कुणी वळून बघत नाही. परदेशातून आलेले पाहुणे यावरून भलतेच निष्कर्ष काढतात. त्यांच्याकडे जे फक्त प्रेमिक करतात ते आपल्याकडे मित्र करतात, एवढाच त्याचा अर्थ. बाहेरून दिसणाऱ्या वर्तनावरून आतली ओढ वाचायला गेलं की दोन्हीकडून फसगत होते.

श्रावण पाळणारा मालवणी माणूस महिनाभर बांगड्याचं नाव काढत नाही. म्हणून तो शाकाहारी झाला असं कुणी म्हणत नाही. शेजारच्या घरातून तळणीचा वास आला की त्याचं काय होतं, ते त्याचं त्याला ठाऊक. उलट जन्माचा शाकाहारी कुणाच्या तरी आग्रहाला बळी पडून एकदा चिकनचा तुकडा खातो. त्यानेही तो मांसाहारी होत नाही. पहिल्या वाक्यातला दोन मुलांचा बाप आणि दुसऱ्या वाक्यातला हॉस्टेलवाला मुलगा, दोघांचं उत्तर यात सापडू शकतं. फरक एवढाच की श्रावणाला शेवटची तारीख असते.

मग ओढ म्हणजे नेमकं काय? अमेरिकन मानसशास्त्र संघटनेच्या व्याख्येचा गाभा असा आहे: पुरुषांविषयी, स्त्रियांविषयी किंवा दोघांविषयी वाटणाऱ्या भावनिक, प्रेमाच्या आणि लैंगिक आकर्षणाचा टिकून राहणारा आकृतिबंध. यातला 'टिकून राहणारा' हा भाग मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. एकदा पडलेलं विचित्र स्वप्न, गर्दीच्या डब्यात झालेल्या स्पर्शाने उठलेली शिरशिरी, एखाद्या नटाची शर्टाविना दृश्यं जरा जास्त वेळ पाहणं, यातलं कुठलंही एकटं काही सिद्ध करत नाही. शरीराचा प्रतिसाद तर मुळीच नाही. शरीर पुष्कळ गोष्टींना प्रतिसाद देतं, भीतीलासुद्धा. वर्षानुवर्षं मागे वळून पाहिल्यावर एकच दिशा दिसते का, हे बघायचं असतं. पोट कोणाच्या नुसत्या येण्याने खळबळलं, मनातल्या मनात गप्पा कुणाशी मारल्या, कुणाचं लग्न ठरल्याचं कळलं तेव्हा आठवडाभर जेवण गेलं नाही. प्रेमात पडणं हेही या व्याख्येत आहे, फक्त शय्या नाही, हे आपल्याकडच्या चर्चेत साफ विसरलं जातं. गे म्हटलं की लोकांच्या डोळ्यांसमोर कृतीच येते. तिसऱ्या वाक्यातली आई जे 'काही केलंस का' म्हणते, ते त्यातूनच येतं.

हॉस्टेलच्या मुलाला म्हणून "नाही रे, तसं काही नसतं" असं झटपट सांगून मोकळं होऊ नये. जिथे फक्त मुलगे आहेत तिथे वयात येताना असं घडतं आणि पुढे त्यातले अनेक जण फक्त मुलींच्याच प्रेमात पडतात, हे खरं आहे. पण काही जण पडत नाहीत, हेही खरं आहे. तो कोणत्या गटातला, हे त्या दोन-तीन रात्री सांगू शकत नाहीत. त्याला विचारायचा प्रश्न असा की त्यानंतर मनात कोण येतं.

आता कृतीवरून माणूस ओळखायची ही सवय आपल्याला कुठून लागली ते पाहू. त्यात कायद्याचा हात मोठा आहे. १८६० च्या भारतीय दंड संहितेतलं कलम ३७७ 'निसर्गक्रमाविरुद्धच्या' संभोगाला शिक्षा सांगत होतं. त्यात समलिंगी हा शब्दच नव्हता. त्यामागचा मूळ शब्द 'होमोसेक्शुअल' तर तेव्हा जगातच नव्हता म्हणा ना. तो १८६९ मध्ये कार्ल-मारिया कर्टबेनी या लेखकाने प्रशियातल्या अशाच एका कायद्याविरुद्ध लिहिलेल्या पत्रकात पहिल्यांदा छापला गेला. आपल्या कलमाला माणूस दिसत नव्हता, कृती दिसत होती. अक्षरशः वाचलं तर नवराबायकोही त्यात अडकत होते.

याचा परिणाम कुठवर गेला बघा. दिल्ली उच्च न्यायालयाने २ जुलै २००९ रोजी संमतीने वागणाऱ्या प्रौढांना या कलमातून बाहेर काढलं. ११ डिसेंबर २०१३ ला सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल फिरवला. त्या निकालात एक युक्तिवाद होता: हे कलम कोणत्याही विशिष्ट लोकांना, ओळखीला किंवा लैंगिक कलाला गुन्हा ठरवत नाही, ते फक्त काही कृती नमूद करतं. कागदावर वाक्य बरोबर वाटतं. म्हणजे गे असायला बंदी नाही, फक्त त्याप्रमाणे जगायला आहे! असण्यात आणि करण्यात फरक असतो, हे मी वर तीनदा सांगितलं. पण तोच फरक असा वापरला की त्याचा फास होतो. माणसाला ओढ एका दिशेची आहे आणि त्या दिशेने जाणारी प्रत्येक वाट गुन्हा आहे, तर शिक्षा कृतीला होते की माणसाला?

२०१७ मध्ये खासगीपणाच्या हक्काचा निकाल देताना नऊ न्यायमूर्तींच्या खंडपीठाने लैंगिक कल हा माणसाच्या खासगीपणाचा आणि प्रतिष्ठेचा गाभ्याचा भाग असल्याचं म्हटलं. आणि ६ सप्टेंबर २०१८ ला पाच न्यायमूर्तींनी एकमताने २०१३ चा निकाल मोडीत काढला. असणं मान्य करायचं तर संमतीने व्यक्त होणंही मान्य करावं लागतं, हा त्याचा सोप्या भाषेतला सारांश. १ जुलै २०२४ पासून आलेल्या भारतीय न्याय संहितेत ते कलमच उरलेलं नाही. (ते उडवताना प्रौढ पुरुषावर झालेल्या बलात्काराला शिक्षा सांगणारी तरतूदही उडाली. त्याची चर्चा व्हायला हवी तितकी होत नाही.)

कृतीचं पारडं जड व्हायला एक शास्त्रज्ञही कारणीभूत झाला, तेही अर्धवट वाचला गेल्यामुळे. आल्फ्रेड किन्से हा मूळचा प्राणिशास्त्रज्ञ, गांधीलमाशीच्या जातकुळीतल्या बारीक माश्या जमवणारा. त्याने हजारो लोकांच्या मुलाखती घेऊन १९४८ मध्ये पुरुषांवरचा आणि १९५३ मध्ये स्त्रियांवरचा अहवाल छापला. माणसांची दोन डब्यांत वाटणी करू नका, असं सांगून त्याने ० ते ६ अशी पट्टी केली. ० म्हणजे पूर्ण भिन्नलिंगी, ६ म्हणजे पूर्ण समलिंगी. ३७ टक्के पुरुषांना वयात आल्यानंतर निदान एकदा तरी पुरुषाबरोबर लैंगिक अनुभव आला होता, हा त्याचा आकडा जगभर गाजला. आयुष्यभर फक्त समलिंगी राहिलेले मात्र त्याच अहवालात ४ टक्के होते. त्याचे लोक शास्त्रीय नमुन्याने निवडलेले नव्हते, त्यामुळे दोन्ही आकडे जपूनच वापरायला हवेत. पण ३७ आणि ४ यांतलं अंतर पाहिलं तरी कृती आणि कल किती लांब असू शकतात ते कळतं. किन्सेने पट्टीवरचा अंक देताना अनुभव आणि मनातली प्रतिक्रिया दोन्ही एकत्र धरले होते. इथेच अडचण झाली. लग्न करून संसार करणारा पण मनाने पूर्ण पुरुषांकडे ओढला जाणारा माणूस या पट्टीवर मध्येच कुठेतरी, ३ वर, येऊन बसतो. तिथेच दोघांवर मनापासून प्रेम करणारी उभयलिंगी व्यक्तीही बसलेली असते. दोघांचा अंक एक, आयुष्यं पूर्ण वेगळी.

फ्रिट्झ क्लाइन या मानसोपचारतज्ज्ञाने १९७८ मध्ये यावर उपाय म्हणून एका अंकाऐवजी अख्खा तक्ता केला. आकर्षण, वर्तन, कल्पनारंजन, भावनिक जवळीक, मित्रपरिवार, जीवनशैली, स्वतःची ओळख अशा सात ओळी आणि भूतकाळ, वर्तमान, आदर्श असे तीन रकाने, म्हणजे एकूण २१ चौकटी. शास्त्र म्हणून ठीक. आयकर विवरणपत्र भरायला सीए लागतो तसं हे भरायलाही कुणीतरी लागेल! पण 'आदर्श' हा रकाना मला आवडतो. आयुष्य मनासारखं असतं तर कसं असतं, हे विचारलं की लग्न झालेल्या पुष्कळ माणसांचा पेन तिथे अडतो.

आता डॉक्टरच्या टेबलाकडे येऊ. पालिकेच्या रुग्णालयात एचआयव्ही समुपदेशन केंद्र असतं. तिथल्या अनुभवी समुपदेशक बाई किंवा सर समोरच्याला "तुम्ही गे आहात का?" असं विचारत नाहीत. विचारलं तर बरेच जण नाही म्हणतील, आणि खोटंही बोलत नसतील. त्या विचारतात, "संबंध कुणाशी येतो? बायकोशी, बाहेरच्या बाईशी, पुरुषाशी? निरोध वापरता?" विषाणूला ओळख कळत नाही, कृतीच कळते. म्हणूनच एचआयव्हीच्या कामात नव्वदच्या दशकात 'पुरुषांशी संबंध ठेवणारे पुरुष' असा गट धरला जाऊ लागला. इंग्रजी आद्याक्षरांनी त्याला एमएसएम म्हणतात. हा गट मुद्दामच कृतीवरून बांधलेला आहे. अशोक राव कवी यांनी १९९० मध्ये मुंबईत 'बॉम्बे दोस्त' हे नियतकालिक सुरू केलं आणि १९९४ मध्ये हमसफर ट्रस्ट उभा राहिला. तेव्हापासून या शहरात आरोग्याचं काम करणाऱ्यांना हे रोज दिसत आलं आहे की, ज्यांच्यापर्यंत पोहोचायचं त्यातले पुष्कळ पुरुष स्वतःला गे मानतच नाहीत.

कारण आपल्याकडची जुनी वाटणी वेगळीच आहे. स्वतःला 'कोथी' म्हणवणारे काहीसे बायकी पुरुष ज्यांच्याशी संबंध येतो त्यांना 'पंथी' किंवा 'गिऱ्या' म्हणतात, आणि दोन्ही भूमिका घेणारा 'डबल-डेकर'. ही विभागणी ओढीवरून नाही, ओळखीवरूनही पूर्ण नाही, भूमिकेवरून आहे. ज्याला पंथी म्हटलं जातं तो घरी नवरा, बाप आणि आपल्या मते साधा पुरुष असतो. 'लैंगिक कल' ही कल्पना त्याच्या डोक्यात नाही. ती त्याच्यावर लादून "तू खरा गे आहेस, मान्य कर" म्हणणं मला पटत नाही. पण म्हणून त्याला काही ओढच नाही, असंही धरता येत नाही. त्याची ओढ त्यालाच ठाऊक.

कृतीऐवजी गट विचारला की काय होतं, ते रक्तदान शिबिरात दिसतं. रक्तदात्यांच्या निवडीसाठी २०१७ मध्ये आलेल्या राष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वांत पुरुषांशी संबंध ठेवणारे पुरुष आणि तृतीयपंथी व्यक्ती यांना गट म्हणूनच बाहेर ठेवलं आहे. दहा वर्षं एकमेकांशी एकनिष्ठ असलेल्या दोन पुरुषांनाही हाच नियम. त्याला सर्वोच्च न्यायालयात आव्हान दिलं गेलं आहे. ब्रिटनने २०२१ मध्ये हा प्रकार बदलला. स्त्री असो, पुरुष असो, गेल्या तीन महिन्यांत काय घडलं ते सगळ्यांना सारखंच विचारायचं आणि त्यावरून ठरवायचं. वर्तनाचा प्रश्न इथे शोभतो. तो धड विचारला जात नाही, एवढंच.

ओढ आणि वर्तन यांची गल्लत सगळ्यात महाग पडते ती 'बरं करण्याच्या' धंद्यात. त्या भोवऱ्यात एक मोठा शास्त्रज्ञही सापडला. रॉबर्ट स्पिट्झर या मानसोपचारतज्ज्ञाचा १९७३ मध्ये अमेरिकेतल्या मानसिक आजारांच्या यादीतून समलैंगिकता वगळण्यात मोठा वाटा होता. त्याच स्पिट्झरने २००३ मध्ये 'आम्ही बदललो' असं सांगणाऱ्या २०० जणांच्या मुलाखतींवर एक अभ्यास छापला. काहींचा कल बदलू शकतो, असा त्याचा सूर होता. बदल विकणाऱ्यांनी तो डोक्यावर घेतला. पण मोजलं काय होतं? लोकांनी फोनवर स्वतःबद्दल सांगितलेलं. ज्यांनी वर्षानुवर्षं स्वतःला दाबलं, लग्न टिकवलं, त्यांना आपण बदललो असं वाटावंसं वाटणारच. २०१२ मध्ये स्पिट्झरने तो अभ्यास टिकत नाही असं जाहीर करून समलिंगी लोकांची माफी मागितली. असल्या उपचारांनी कल बदलण्याची शक्यता फार कमी आणि इजा होण्याचा धोका मात्र आहे, असा निष्कर्ष अमेरिकन मानसशास्त्र संघटनेच्या अभ्यासगटाने २००९ मध्येच काढला होता. आपल्याकडे मद्रास उच्च न्यायालयाने ७ जून २०२१ च्या आदेशात अशा उपचारांवर बंदी घालायला सांगितलं. पुढे २०२२ मध्ये राष्ट्रीय वैद्यक आयोगाने ते डॉक्टरचं व्यावसायिक गैरवर्तन ठरवलं. म्हणजे कुणी डॉक्टर मुलाला 'सरळ' करून देतो म्हणाला तर तक्रार करता येते. बुवा-बाबांचं काय करायचं, हा वेगळा विषय.

मुंबईत हा विषय मराठीतून उघडपणे बोलण्याचा इतिहास नवा नाही. र. धों. कर्वे यांच्या 'समाजस्वास्थ्य' मासिकात वाचकांच्या लैंगिक प्रश्नांना सरळ उत्तरं दिली जात. त्यापायी १९३४ मध्ये त्यांच्यावर अश्लीलतेचा खटला झाला. हस्तमैथुन आणि समलैंगिकता यांबद्दलची उत्तरं त्यात होती. त्यांचं वकीलपत्र डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी घेतलं होतं. खटला ते हरले, दंड झाला. विचारणाऱ्याला उत्तर मिळायला हवं, हा मुद्दा मात्र तेव्हाच मांडून झाला होता.

ओढीची व्याख्या मानली तरी तिच्या काही दुबळ्या बाजू आहेत, त्या लपवण्यात अर्थ नाही. पहिली, ती मोजता येत नाही. माणसाच्या शब्दापलीकडे पुरावा नाही. युरोपात याचा कस लागला. आपल्या देशात समलिंगी म्हणून जिवाला धोका आहे, असं सांगून आश्रय मागणाऱ्यांना काही अधिकारी शयनगृहातले तपशील विचारायचे आणि कुणी कृतीची चित्रफीतही पुरावा म्हणून पुढे करायचं. २ डिसेंबर २०१४ ला युरोपीय संघाच्या न्यायालयाने हे थांबवलं. तपशीलवार कृती विचारायच्या नाहीत, 'चाचण्या' करायच्या नाहीत, चित्रफिती घ्यायच्या नाहीत. मग ठरवायचं कसं? माणसाचं म्हणणं ऐकून, त्याचा एकूण वृत्तांत सुसंगत आहे का ते बघून. कोर्टात एरवीही बहुतेक गोष्टी अशाच ठरतात.

दुसरी, ओढ सगळ्यांचीच दगडावर कोरल्यासारखी नसते. लिसा डायमंड या मानसशास्त्रज्ञ बाईंनी काही स्त्रियांचा दहा वर्षं पाठपुरावा केला. सुमारे दोन तृतीयांश जणींनी त्या काळात स्वतःसाठी वापरायचा शब्द एकदा तरी बदलला. कुणी लेस्बियनचं उभयलिंगी केलं, कुणी सगळेच शब्द टाकून दिले. यावरून "बघा, बदलतं ना, मग मुलीचं लग्न लावून टाका" असं म्हणणारे निघतातच. आपसूक सरकणं आणि जबरदस्तीने सरकवणं यांतला फरक त्यांना दुसऱ्या कुठल्याही बाबतीत नीट कळतो.

तिसरी बाजू खरं तर बळकटीची आहे. ब्रिटनमधल्या १८,००० हून अधिक लोकांच्या पाहणीत सुमारे एक टक्का लोकांनी, आपल्याला कधीच कुणाविषयी लैंगिक आकर्षण वाटलं नाही, असं सांगितलं होतं. अँथनी बोगार्ट यांनी २००४ मध्ये ते निष्कर्ष मांडले. वर्तनाच्या पट्टीवर असा अलैंगिक माणूस आणि व्रत म्हणून ब्रह्मचर्य पाळणारा माणूस सारखेच दिसतील. ओढ विचारली तरच ते वेगळे दिसतात. तसंच उभयलिंगी बाईचं. एका पुरुषाशी लग्न करून वीस वर्षं सुखाने राहिली म्हणून ती 'भिन्नलिंगी झाली' असं होत नाही.

शेवटी पहिल्या वाक्यातल्या त्या बापाकडे जायला हवं, कारण तिथे आणखी एक माणूस आहे जिचं नाव कुणी घेत नाही. त्याची बायको. ओढ कुणी निवडत नाही, म्हणून तिच्याबद्दल कुणाला दोष देता येत नाही. वर्तन मात्र माणूस, अडचणीत का होईना, निवडतो आणि त्याची जबाबदारी त्याच्यावर येते. आपली ओढ माहीत असून होणाऱ्या बायकोला न सांगता बोहल्यावर उभं राहणं हे वर्तन आहे. मुलाने सांगितलेलं दाबून मुलगी बघायला निघालेल्या आईवडिलांचंही तेच. "लग्न झालं की होईल ठीक" या वाक्यात दुसऱ्याच्या मुलीचं आयुष्य प्रयोगासाठी घेतलेलं असतं. त्या मुलाची दया येते तितकीच, थोडी जास्तच, मला तिची येते.

तिच्यासाठी एक कायद्याची गोष्ट सांगून थांबतो, कारण ती फार उशिरा कळते. हिंदू विवाह कायदा, १९५५ च्या कलम १२ प्रमाणे जोडीदाराविषयीची महत्त्वाची बाब लपवून संमती मिळवली असेल तर विवाह रद्द करण्याची मागणी करता येते. पण फसवणूक कळल्यापासून एका वर्षाच्या आत अर्ज करावा लागतो, आणि कळल्यानंतर आपल्या मर्जीने त्याच्याबरोबर राहिल्यास तो मार्ग बंद होतो. घटस्फोटाचा मार्ग त्यानंतरही राहतो, पण तो लांबचा आहे. त्यामुळे "थोडं सांभाळून घे, एक मूल झालं की सगळं रुळावर येईल" असं सांगायला नातेवाईक जमले, तर मूल होण्याआधी एकदा वकिलाला भेटून यावं.